कपडे घरी शिवायचे तर सुरुवात बेतापासून: मशीन, कापड, मापं आणि पहिला कुर्ता

शिवण शिकायची म्हटलं की बहुतेक जण आधी मशीन बघायला जातात आणि मग महिनाभर सरळ टीप मारायचा सराव करत बसतात. सरळ टीप लवकर येते. कपडा बिघडतो तो त्याच्या आधी, बेतताना, म्हणजे कापड टेबलावर आखून कापत असताना. न भिजवता बेतलं, घडी तिरकी घातली, माया (शिवणीच्या बाहेर राखायचं जादा कापड) कमी ठेवली, मुंढा (बाही जोडायची गोलाई) जास्त खोल कापला. चुकलेली टीप उसवून पुन्हा मारता येते, पण कातर फिरलेलं कापड परत जुळत नाही. म्हणून इथे मशीनपेक्षा बेताला जास्त जागा दिली आहे.

दुकानातल्या तयार कुर्त्याची बाजूची शिवण एकदा उलटून पाहा. इंटरलॉकच्या (कडेचे धागे निघू नयेत म्हणून मारलेल्या गुंफलेल्या टिपेच्या) आत जेमतेम अर्धा इंच कापड सापडेल. अंग थोडं वाढलं की तो कुर्ता संपला. घरी शिवताना बाजूला एक इंच माया ठेवली तर पुढचे-मागचे मिळून चार पदर होतात आणि छातीला जवळजवळ तीन इंचांपर्यंत सैल करता येतं. कपडा पाच-सात वर्षं अंगावर राहायचा असेल तर ही माया सगळ्यात मोलाची.

मशीन

नवशिक्याला पायाची साधी काळी मशीन उत्तम. वेग आपल्या पायात राहतो, दुरुस्ती कुठल्याही गावात होते आणि जुनी मशीन चांगल्या स्थितीत मिळते. फॅन्सी टाक्यांची मशीन पहिल्या वर्षात लागत नाही. जुनी घेताना सोबत कॅम्ब्रिकचा, म्हणजे पातळ सुती कापडाचा, तुकडा न्या. दुहेरी करून वीतभर टीप मारा. वरून आणि खालून टाका सारखा दिसला पाहिजे, कापड स्वतःहून सरळ मागे सरकलं पाहिजे. मग चाक हाताने हलवून पाहा. खडखड लागत असेल किंवा सुईचा दांडा डावी-उजवीकडे हलत असेल तर सोडून द्या. पट्टा, बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ), बॉबिन केस (ती रीळ बसवायची डबी) या गोष्टी स्वस्तात बदलतात, त्यासाठी चांगली मशीन नाकारू नका.

घरी आणल्यावर पहिले दोन-तीन दिवस दोरा न ओवता रेघी वहीच्या कागदावर सुई चालवा. चाकाची वरची बाजू आपल्याकडे येईल अशीच मशीन फिरली पाहिजे. पायाची लय चुकून चाक उलटं गेलं की दोरा शटलमध्ये (बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागात) गुंततो. कागदावर चालवलेली सुई बोथट होते, ती फेकून कापडासाठी नवी घाला.

सुई बसवताना तिच्या अंगावरची लांब खाच पाहा. दोरा त्या खाचेच्या बाजूने नेढ्यात जातो आणि सपाट बाजू शटलकडे राहते. सुई उलटी बसली तर मशीन टाके सोडते, आणि नवीन माणूस दोष मशीनला देतो. मलमल आणि पातळ कॅम्ब्रिकला ११ नंबर, पॉपलिन-खादीला १४, जाड कापडाला १६. साधारण आठ तास शिवण झाली की सुई बदला.

खाली दोऱ्याचे वेटोळे जमले तर खालचा दोरा बिघडला असं वाटतं. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली असताना दोरा ओवला की तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर घ्या, दोरा काढा, पुन्हा ओवा. बॉबिनचं टेन्शन तपासायला बॉबिन केस दोऱ्याने लोंबकळत धरून हलका झटका द्या. इंच-दोन इंच खाली येऊन थांबली तर बरोबर. सरसर खाली गेली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. तिचा छोटा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

तेल फक्त मशीनचं, प्रत्येक भोकात एक थेंब, आणि मग चिंधीवर दोन मिनिटं चालवून जादा तेल काढून टाकायचं. खोबरेल किंवा खायचं तेल घालू नका, ते आत चिकट होऊन मशीन जड होते. सांगलीत पावसाळ्याची दमट हवा लोखंडाला गंज आणते, म्हणून जून ते सप्टेंबर सुईची पट्टी काढून कापड सरकवणाऱ्या दात्यांमधला कापसाचा भुगा दर आठवड्याला ब्रशने झाडा. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी ज्या भागांत शिरलं तिथे राहणाऱ्यांनी मशीनचं डोकं बिजागऱ्यांवरून सोडवायचं कसं हे आधीच शिकून ठेवावं. दोन स्क्रू ढिले केले की ते उचलून वर नेता येतं. मशीन पाण्यात गेलीच तर आधी चिखल धुवा, उन्हात वाळवा, रॉकेलने सांधे साफ करा आणि मगच तेल घाला. मोटर बसवलेली असेल तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय बटण दाबू नका.

बाकीचं सामान

कापडाची १० इंची कात्री, जिने कागद कधीच कापायचा नाही. कागदासाठी वेगळी. टेप, खडू, टाचण्या, उसवायची सुई, २४ इंची पट्टी, ब्राउन पेपर, इस्त्री. जुना टेप ताणून लांबलेला असतो, स्टीलच्या पट्टीशी लावून तपासा. दोरा कापडाशी जुळेना तर एक छटा गडद घ्या, फिका दोरा उठून दिसतो.

कापड कुठलं आणि किती

सांगलीकरांना कापडाची अडचण नाही. कापड पेठ गावातच आहे आणि १९०४ पासून यंत्रमाग चालवणारी इचलकरंजी तासाभराच्या अंतरावर. तिथलं पॉपलिन आणि कॅम्ब्रिक हेच शिकायला सगळ्यात योग्य. सुती कापड टेबलावर सरकत नाही, इस्त्री धरतं, खडूची रेघ दिसते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात अंगालाही सोसतं. रेयॉन दुकानात हातात घेतलं की मऊ लागतं आणि मोह होतो. पण बेतताना ते घसरतं आणि धुतल्यावर सुतीपेक्षा जास्त आटतं. पहिल्या चार कपड्यांत रेयॉन, जॉर्जेट, सॅटिन, वेलवेट नको. चौकडी आणि पट्टेही नकोत, कारण त्या बाजूच्या शिवणीत जुळवाव्या लागतात. बारीक, सगळीकडे पसरलेली आणि वर-खाली सारखी दिसणारी छपाई घ्या. वाकडी टीप तिच्यात लपते. प्लेन कापड प्रत्येक चूक दाखवतं.

विकत घेताना आधी पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ३६, ४४ आणि ५८ इंच असे पन्ने नेहमी मिळतात, आणि मीटर किती घ्यायचं ते त्यावरच ठरतं. मध्यम मापाच्या, ४० इंच उंचीच्या, छोट्या बाहीच्या कुर्त्याला ४४ पन्न्यात अडीच मीटर आणि ५८ पन्न्यात पावणेदोन मीटर घ्या. यात आटण्याची सोय धरली आहे. सैल पायजम्याला ४४ पन्न्यात अडीच मीटर, ५८ मध्ये सव्वा मीटर. दुकानदार सवयीने एक आकडा सांगतो, तो वेगळ्या पन्न्याचा असू शकतो.

सरावाला घरातली जुनी सुती साडी सगळ्यात चांगली. साडेपाच मीटर धुतलेलं, आटून झालेलं कापड फुकट हाताशी असतं. नव्या मापाचं कटिंग आधी तपासायचं असेल तर मांजरपाट (स्वस्त, न रंगवलेलं सुती कापड) घ्या.

भिजवणं आणि धागा सरळ करणं

सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, न पिळता वाळत घाला, किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. मीटरमागे इंच-दोन इंच आटतं. हे आटणं बेतण्याआधी झालं पाहिजे, नाहीतर ४० इंचांचा कुर्ता पहिल्या धुण्यात ३८ चा होतो. गडद रंगाच्या ओल्या कापडावर पांढरा रुमाल घासून पाहा. रंग निघाला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळं धुवा. अस्तर लावणार असाल तर तेही भिजवायचं. कापड आटलेलं आणि अस्तर न आटलेलं असेल तर पुढे अस्तर आतून ओढून धरतं.

मग टोक सरळ करा. काठाजवळ छोटा कट देऊन कॅम्ब्रिक आडवं फाडा. ते आडव्या धाग्यावरच फाटतं. आता लांबीत घडी घालून काठाला काठ लावा. फाडलेली टोकं एकमेकांवर बसली नाहीत, एक कोपरा पुढे गेला, तर कापड तिरकं आहे. आखूड पडणारे समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरकं ओढा, पुन्हा इस्त्री करा. हे केलं नाही तर कुर्ता शिवताना ठीक दिसतो, पण दोन धुण्यांनंतर बाजूची शिवण फिरून पोटावर येते. त्याला मग काहीच उपाय नाही.

मापं

माप घ्यायला दुसरं माणूस लागतं. अंगावर पातळ, घट्ट बसणारा कपडा असावा. कंबरेला नाडी बांधा, ती जिथे स्थिर होते ती कंबर. टेपखाली दोन बोटं जातील इतकं सैल धरा. लागणारी मापं: खांदा (एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत, पाठीवरून), छाती, कंबर, सीट (सर्वात भरलेल्या जागी), खांद्यापासून कंबर, खांद्यापासून सीट, पूर्ण उंची, बाहीची उंची, दंडाचा घेर.

हे झाल्यावर आपल्याला नीट बसणारा एक जुना कुर्ता जमिनीवर पसरून त्याच जागी मोजा. अंगाची छाती ३६ आणि कुर्त्याची (पसरलेली रुंदी दुप्पट करून) ४० निघाली तर तुम्हाला चार इंच सैलपणा आवडतो हे कळलं. कुठलंही पुस्तकी कोष्टक यापेक्षा खात्रीचं नाही.

पहिला कपडा: पायजमा

इलॅस्टिकचा किंवा नाडीचा पायजमा आधी शिवा. यात मुंढा नाही, गळा नाही, आणि चुकला तरी घरात वापरता येतो. घरातला सैल पायजमा उलटा करा, एक पाय दुसऱ्यात न घालता नुसता घडी घालून कागदावर ठेवा आणि बाजूने आखा. सगळीकडे पाऊण इंच माया, वर नेफ्यासाठी (नाडी किंवा इलॅस्टिक ओवायच्या घडीसाठी) दोन इंच, खाली दीड इंच. पुढच्या भागापेक्षा मागच्या भागाची बैठकीची (दोन पाय जोडतात तिथली) गोलाई जास्त बाहेर आणि दीड इंच उंच असते, ती आखताना सपाट करू नका. नाहीतर बसल्यावर पायजमा मागून खाली ओढला जातो.

दोन्ही पाय एकाच वेळी, कापड सुलट बाजू आत करून दुहेरी ठेवूनच कापा. एकेक कापायला गेलं की दोन उजवे पाय हातात येतात, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. आधी प्रत्येक पायाची बाहेरची आणि आतली शिवण, मग एक पाय सुलट करून दुसऱ्याच्या आत घाला आणि बैठकीची शिवण एका सलग टिपेत मारा. त्याच टिपेवर दुसरी टीप मारा, कारण ताण तिथेच येतो. नेफ्यात इलॅस्टिक ओवायला दोन इंच जागा उघडी ठेवा. इलॅस्टिक कंबरेपेक्षा तीन-चार इंच कमी.

कुर्त्याचं कागदी कटिंग

पुढचं उदाहरण खांदा १४, छाती ३६, कंबर ३२, सीट ४०, दंड १२, उंची ४० या मापांचं आहे. तुमची मापं त्याच जागी घाला.

ब्राउन पेपरची उभी कडा म्हणजे कापडाची घडी. वरून आडवी रेघ मारा. घडीपासून त्या रेघेवर ३ इंचांवर गळ्याची खूण (छातीचा बारावा भाग) आणि ७ इंचांवर खांद्याची (खांद्याचा अर्धा). खांद्याची खूण पाऊण इंच खाली उतरवा आणि गळ्याच्या खुणेला जोडा. हा खांद्याचा उतार.

वरच्या रेघेपासून ८ इंच खाली छातीची रेघ. हिशोब असा: छातीचा सहावा भाग अधिक २. या रेघेवर घडीपासून १० इंच, म्हणजे ३६ मध्ये ४ इंच सैलपणा मिळवून चौथा भाग. खांद्याच्या टोकापासून इथपर्यंत मुंढ्याची गोलाई काढायची. ती आधी सरळ खाली येते आणि शेवटच्या तिसऱ्या भागातच बाहेर वळते. पुढच्या भागाचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त आत घ्या.

कंबरेच्या उंचीवर ९ इंच, सीटच्या उंचीवर ११ इंच, खालच्या घेराला १२ इंच. कंबर आणि सीट दोन्हीत ४ इंचांचा सैलपणा धरला आहे. बाजूचा कट सीटच्या रेघेवर सुरू होतो. मागचा गळा ३ इंच खोल, पुढचा ६. टेप उभा धरून गळ्याचा पूर्ण घेर मोजा. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण २२ इंच असतो, गळा त्याहून किमान एक इंच मोठा हवा, नाहीतर मागे बटण द्यावं लागेल.

आतापर्यंतच्या रेघा टिपेच्या आहेत. बाहेरून माया वाढवा: खांदा आणि मुंढ्याला अर्धा इंच, बाजूला एक इंच, खाली दीड इंच. गळ्याला मात्र उलट. आखलेल्या रेघेपासून पाव इंच घडीच्या बाजूला सरकून, म्हणजे गळा थोडा लहान कापा. पट्टी लावल्यावर तो आपोआप आखल्याएवढा होतो. नवशिक्याचे गळे मोठे होतात ते याच पाव इंचामुळे.

बाहीसाठी मुंढ्याची पुढची-मागची टिपेची रेघ टेपने मोजा, दोन्हींची बेरीज करून अर्ध करा. समजा सव्वाआठ आलं. बाहीच्या कागदी घडीवर वरच्या टोकापासून साडेतीन इंच खाली आडवी रेघ मारा. टोकापासून तिरकी सव्वाआठ इंचांची रेघ जिथे त्या आडव्या रेघेला मिळते तिथे बाहीची रुंदी, इथे साडेसात इंच येते. तिरक्या रेघेवर वरच्या अर्ध्यात फुगीर, खालच्या अर्ध्यात किंचित आत अशी गोलाई काढा. पुढच्या बाजूची खालची गोलाई पाव-अर्धा इंच जास्त आत. म्हणून डावी-उजवी बाही वेगळी असते, कापल्याबरोबर पुढच्या बाजूला खडूने फुली करा.

कापडावर मांडणी

इथे एक गोष्ट जपा. ४४ पन्न्याचं कापड मध्यावर दुमडू नका. मध्यावर दुमडलं की एका बाजूला २२ इंच येतात, धडाला १३ लागतात, आणि उरलेल्या ९ इंचांच्या दोन अरुंद पट्ट्या बाहीला पुरत नाहीत. त्याऐवजी एका काठाकडून फक्त १३ इंच आत वळवा. धड २६ इंचांत बसतं आणि दुसऱ्या काठाला १८ इंच रुंदीचं एकेरी, सलग कापड राहतं. बाहीला मायेसह १७ लागतात, म्हणजे बरोबर बसते. पुढचा आणि मागचा भाग या घडीवर एकाखाली एक, प्रत्येकी ४२ इंच. बाजूच्या १८ इंची पट्टीतून दोन्ही बाह्या, खिसे आणि गळ्याची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी निघते. काठाची अगदी कडेची दाट विणलेली किनार धडात घेऊ नका, ती बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते.

कागदावर वजनं ठेवा किंवा टाचा, खडूने आखा, आणि कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकलेलंच ठेवून कापा. कापड हातात उचलून कापलं की पुढचा-मागचा भाग सारखा येत नाही. पुढच्या भागाचा खोल गळा सगळ्यात शेवटी.

शिवण्याचा क्रम

कापल्याबरोबर, दुसरं काहीही करण्याआधी, गळ्याच्या कडेपासून अगदी दोन-तीन धागे आत एकेरी टीप मारा. गळा तिरक्या धाग्यावर कापलेला असतो आणि नुसता हाताळतानाही पसरतो. ही टीप त्याला धरून ठेवते.

मग खांदे जोडा, माया मागे वळवून इस्त्री करा. गळ्यासाठी कापडाच्या तिरक्या धाग्यावर सव्वा इंच रुंद उरेब पट्टी कापा. सुलट बाजूंवर सुलट ठेवून पाव इंचावर टीप मारताना पट्टी किंचित ताणून धरा, कुर्ता मात्र अजिबात ताणू नका. गोलाईत दर अर्ध्या इंचाला कट द्या, टिपेच्या एक धागा अलीकडे थांबा. पट्टी आत वळवा, इस्त्री करा, कडा दुमडून आतून टीप किंवा हातशिलाई.

बाहीचा खालचा दुमड आधीच मारून घ्या. मग बाही उघडी असतानाच मुंढ्याला लावा: बाहीचं मधलं टोक खांद्याच्या शिवणीवर, पुढची फुली पुढच्या भागाकडे. आधी मध्य, मग दोन्ही टोकं टाचा, उरलेला फुगा मधल्या जागेत वाटून घ्या. त्यानंतर बाहीच्या तोंडापासून काखेतून कटापर्यंत एकच सलग टीप. काखेत पुढची-मागची मुंढ्याची शिवण एकमेकींवर आली पाहिजे. कटाच्या तोंडाशी तीन-चार टाके मागे-पुढे मारून शिवण पक्की करा, कट दुमडा, शेवटी घेर.

टाक्याची लांबी मशीनवर अडीच मिलिमीटर, पातळ मलमलीला दोन. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री. आधी टिपेवरून जशी आहे तशी, मग माया उघडून. घरचा कपडा घरचा दिसतो तो बहुतेक वेळा ही इस्त्री टाळल्यामुळे.

कडांचे धागे निघू नयेत म्हणून इंटरलॉक पिको-फॉलच्या दुकानात करून मिळतं. तिथे देताना मायेचं कापड कापू नका असं स्पष्ट सांगा, नाहीतर मशीनचं पातं तुमची जपून ठेवलेली माया छाटून टाकतं.

अंगावर घातल्यावर

हात वर केला की अख्खा कुर्ता वर जातो आणि काखेत ओढतो. अशा वेळी मुंढा आणखी कापावासा वाटतो. कापू नका. मुंढा आधीच खाली गेलेला असतो म्हणून ओढतो. पुढच्या कटिंगला छातीची रेघ अर्धा इंच वर घ्या.

गळ्यापासून काखेकडे तिरक्या सुरकुत्या पडत असतील तर तुमचे खांदे उतरते आहेत. खांद्याच्या बाहेरच्या टोकाला पाव इंच जास्त शिवून गळ्याकडे शून्य करा. उभं राहिल्यावर कट आपोआप फाकत असेल तर सीटला सैलपणा कमी आहे, बाजूची माया थोडी सोडा. बाही फिरल्यासारखी, दंडावर पिळलेली दिसली तर डावी-उजवी अदलाबदल झाली आहे, उसवून बदला.

टिपेखाली कापड गोळा होत असेल तर सुई बारीक करा आणि वरचं टेन्शन ढिलं करा. सुई वारंवार मोडत असेल तर तुम्ही मागून कापड ओढता आहात. मागचा हात फक्त दिशा देण्यापुरता ठेवा, सरकवण्याचं काम दात्यांचं आहे.

एका कटिंगमधून बाकीचे कपडे

कुर्ता नीट बसला की प्रत्येक दुरुस्ती त्याच दिवशी कागदावर उतरवा. कागदावर नाव, तारीख, अंगाचं माप, सैलपणा किती धरला आणि माया धरली आहे की नाही हे लिहा. मायेची नोंद नसलेलं कटिंग सहा महिन्यांनी निरुपयोगी होतं. कागद घडी न घालता गुंडाळून ठेवा.

याच कागदावरून २४ इंचांवर कापलं की टॉप, छातीखाली आडवं कापून खाली चुण्या दिल्या की फ्रॉक, पुढे मधोमध उघडून दोन्ही बाजूंना पट्टीसाठी दीड-दीड इंच वाढवलं की बटणांचा शर्ट-कुर्ता. दर वेळी एकच गोष्ट बदला. गळा, बाही आणि घेर एकदम बदलले आणि बिघडलं तर कशामुळे ते कळत नाही. काजं इंटरलॉकच्या दुकानात करून घ्या, हाताची काजं शिकायला वेळ लागतो. जीन्स, बनियनचं ताणणारं कापड, रेनकोट आणि अंतर्वस्त्रं तयारच घ्यावीत, साध्या मशीनवर ती नीट होत नाहीत.

ब्लाउज सगळ्यात शेवटी. कापड कमी लागतं म्हणून तो सोपा वाटतो, पण त्यात सैलपणा चार इंचांऐवजी जेमतेम इंच-दीड इंच असतो आणि पाव इंचाची चूकही दिसते. कुर्त्याचा मुंढा त्याला तसाच चालत नाही, छातीची रेघ अर्धा ते पाऊण इंच वर घ्यावी लागते. आधी मांजरपाटाचा, अस्तराशिवाय, सर्वात लांब टाक्याने शिवा. अंगावर घालून आरशासमोर टक्स (अंगाचा आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) टाचण्यांनी बसवा, दुसऱ्या कोणाला तरी पाठीची जागा टाचायला सांगा, मग उसवून ते तुकडे इस्त्री करा आणि तेच कागदावर आखून घ्या. ब्लाउजच्या बाजूला माया दीड इंच.